८-ओएच-डीपीएटी म्हणजे काय? सेरोटोनिनचं बटण दाबूनही सेरोटोनिन कमी करणारा रेणू

"सेरोटोनिन वाढवणारे पाच पदार्थ" छापाची एखादी रील तुमच्यासमोर कधीतरी आली असणारच. सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन, ते वाढलं की मूड चांगला, कमी झालं की मूड खराब, एवढंच गणित तिथे सांगितलं जातं. आज आपण अशा एका रेणूची माहिती घेणार आहोत, ज्याच्यावरच्या प्रयोगांनी हे गणित चाळीस वर्षांपूर्वीच कच्चं ठरवलं. त्याचं नाव ८-ओएच-डीपीएटी. मेडिकलच्या दुकानात तो मिळत नाही आणि कुठल्याच देशात औषध म्हणून त्याला मान्यता नाही. पण मेंदूतलं सेरोटोनिन नेमकं कसं काम करतं, यातलं बरंच काही आपल्याला या रेणूमुळेच कळलं आहे.

आधी थोडं सेरोटोनिनबद्दल

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रॅपपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आकुंचन पावायला लावणारा एक पदार्थ वेगळा काढला. सीरम आणि टोन या शब्दांवरून त्याचं नाव सेरोटोनिन पडलं. रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सीट्रिप्टामिन, म्हणून लघुरूप ५-एचटी. १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग यांनी हाच पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचं दाखवलं. तरी शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसतं, ते आतड्यात असतं. "आनंदाचं रसायन" हे नाव किती अपुरं आहे ते इथेच लक्षात येईल.

सेरोटोनिन स्वतः फक्त निरोप्या आहे. निरोप वाचण्याचं काम पेशीच्या पृष्ठभागावर बसलेली प्रथिनं करतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. माणसात सेरोटोनिनचे असे १४ प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि ते सात कुटुंबांत मोडतात. एकच निरोप, पण वाचणारे चौदा, आणि प्रत्येकाची प्रतिक्रिया वेगळी.

आता दोन शब्द समजून घ्या, पुढे सारखे लागतील. फोनच्या फिंगरप्रिंट सेन्सरचा विचार करा. तुमच्या बोटाने फोन उघडतो, पण घरातल्या दुसऱ्या कुणाचा ठसा सेव्ह केला असेल तर त्याच्या बोटानेही उघडतो. शरीराच्या स्वतःच्या रेणूऐवजी बाहेरून आलेला जो रेणू रिसेप्टर असाच "उघडतो", त्याला अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. सेन्सरवर नुसती चिकटपट्टी लावली तर फोन उघडत नाही आणि तुमचं बोटही चालत नाही. ही चिकटपट्टी म्हणजे अँटॅगोनिस्ट. उलटी थांबवायला डॉक्टर देतात ती ऑनडॅनसेट्रॉन ५-एचटी-३ या सेरोटोनिन रिसेप्टरवरची चिकटपट्टीच आहे. मायग्रेनवर दिलं जाणारं सुमाट्रिप्टान हे १बी आणि १डी रिसेप्टरचं अ‍ॅगोनिस्ट आहे. म्हणजे सेरोटोनिनशी संबंधित औषध मूडसाठीच असतं असंही नाही.

नावात काय काय दडलंय

८-ओएच-डीपीएटी हे नाव पासवर्डसारखं दिसतं, पण फोडलं तर सोपं आहे. शेवटचा "टी" म्हणजे टेट्रालिन. डांबरगोळीतलं नॅप्थलिन तुम्हाला माहीत असेल, एकमेकांना चिकटलेली कार्बनची दोन कडी. त्यातल्या एका कड्यात जास्तीचा हायड्रोजन भरला की टेट्रालिन होतं. "ए" म्हणजे अमिनो, नायट्रोजन असलेला भाग. "डीपी" म्हणजे डायप्रोपिल, त्या नायट्रोजनला लटकलेल्या तीन-तीन कार्बनच्या दोन शेपट्या (व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी नव्हे). आणि "८-ओएच" म्हणजे आठव्या जागेवर बसवलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट. सगळे मिळून कार्बनचे १६, हायड्रोजनचे २५, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू. रेणूभार साधारण २४७. प्रयोगशाळेत तो बहुतेक वेळा हायड्रोब्रोमाइड क्षाराच्या रूपात वापरतात, कारण तसा तो पाण्यात विरघळतो.

यातली मजेची गोष्ट म्हणजे तो आठवा क्रमांक. १९८० च्या सुमारास स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ टेट्रालिनच्या सांगाड्यावर वेगवेगळे रेणू बनवून पाहत होते. त्यांच्यासोबत गोथेनबर्गचे आर्व्हिड कार्लसन होते, ज्यांना पुढे २००० साली डोपामिनवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. या कुटुंबातले कितीतरी रेणू डोपामिनचे रिसेप्टर चालू करतात. ओएच गट सातव्या जागेवर असलेला ७-ओएच-डीपीएटी आजही डोपामिनच्या अभ्यासात वापरतात. तोच गट एक घर सरकवून आठव्या जागेवर नेला, तर रेणू डोपामिनकडे जवळपास पाठ फिरवतो आणि सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतो. हा शोध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणखी एक बारकावा. डाव्या-उजव्या पायातल्या चपलेसारखी या रेणूची दोन रूपं असतात, आर आणि एस. घटक तेच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. आर रूप रिसेप्टर पूर्ण ताकदीने चालू करतं, एस रूप अर्धवटच करतं. साध्या पद्धतीने बनवलेल्या पावडरमध्ये दोन्ही मिसळलेली असतात. त्यामुळे जुना शोधनिबंध वाचताना मिश्रण वापरलं होतं की फक्त आर रूप, हे बघावं लागतं.

एवढा प्रसिद्ध का झाला?

कारण वेळ. १९७९ मध्ये पेरुट्का आणि स्नायडर यांनी मेंदूतले सेरोटोनिन रिसेप्टर ५-एचटी-१ आणि ५-एचटी-२ अशा दोन गटांत विभागले. दोनच वर्षांत १ मध्येही १ए आणि १बी असे पोटप्रकार असावेत असं दिसू लागलं. पण "असावेत" म्हणणं वेगळं आणि एकेक वेगळा काढून दाखवणं वेगळं. सेरोटोनिन स्वतः सगळ्यांनाच चिकटतं, त्यामुळे त्याच्या मदतीने ही फोड करता येत नव्हती. हवा होता असा रेणू, जो १ए ला घट्ट धरेल आणि बाकीच्यांना फारसा विचारणार नाही. ८-ओएच-डीपीएटी अगदी तसाच निघाला. १९८३ मध्ये मिडलमिस आणि फोझार्ड यांनी तो १ गटातले पोटप्रकार वेगळे ओळखतो हे दाखवलं. त्याच वर्षी पॅरिसमधल्या मिशेल हॅमों यांच्या गटाने त्यात ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप बसवलं. आता मेंदूच्या पातळ कापावर हा रेणू टाकायचा, न चिकटलेला धुऊन काढायचा आणि उरलेला किरणोत्सार मोजायचा. जिथे सिग्नल जास्त, तिथे १ए रिसेप्टर जास्त. गुगल मॅप्सवर पिन टाकावी तसं. असे नकाशे काढल्यावर दोन ठिकाणं ठळक दिसली. एक, मेंदूच्या देठातलं राफे केंद्रक, जिथे सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात. दुसरं, हिप्पोकॅम्पस, जिथे आठवणींचं काम चालतं.

पुढची गोष्ट जीन्सची. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कोबिल्का, लेफकोविट्झ आणि सहकाऱ्यांना जी-२१ नावाचं एक जीन सापडलं. ते कुठल्यातरी रिसेप्टरचं दिसत होतं, पण नेमक्या कोणत्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. १९८८ मध्ये त्यापासून बनणारं प्रथिन पेशींमध्ये तयार करून त्याला कोणते रेणू चिकटतात हे तपासलं, तेव्हा १ए रिसेप्टरची खूण तंतोतंत जुळली. ती खूण आधीच्या पाच-सहा वर्षांत अशाच रेणूंच्या मदतीने तयार झाली होती. कोबिल्का आणि लेफकोविट्झ यांना या रिसेप्टर-कुटुंबावरच्या कामासाठी २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पोट भरलेला उंदीर पुन्हा का खायला लागला?

आता मुख्य मुद्दा. सेरोटोनिन वाढलं की भूक कमी होते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून बरंच आधी माहीत होतं. मग सेरोटोनिनच्या रिसेप्टरचा अ‍ॅगोनिस्ट दिला तर भूक कमी व्हायला हवी ना? १९८५ मध्ये डूरिश आणि सहकाऱ्यांनी पोटभर खाल्लेल्या उंदरांना ८-ओएच-डीपीएटीचा अगदी कमी डोस दिला, आणि उंदीर पुन्हा खायला लागले.

हे कोडं सोडवायला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी वर आलं की फुगा उचलला जातो आणि येणारं पाणी बंद होतं. राफे केंद्रकातल्या पेशींवर जे १ए रिसेप्टर असतात ते हेच काम करतात. आजूबाजूला सेरोटोनिन पुरेसं झालं की ते त्यांना लागतं आणि पेशीला निरोप जातो, "बास, आता थांब." स्वतःच्याच पेशीचं उत्पादन रोखणाऱ्या या रिसेप्टरना ऑटोरिसेप्टर म्हणतात. आतलं यंत्र असं चालतं: रिसेप्टर चालू झाला की जी-प्रथिनामार्फत पेशीच्या भिंतीतले पोटॅशियमचे मार्ग उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी शांत होते आणि तिचे विद्युत ठोके मंदावतात.

८-ओएच-डीपीएटीचा कमी डोस म्हणजे टाकी रिकामी असताना कुणीतरी हाताने फुगा उचलून धरणं. टाकीला वाटतं पाणी भरलं, आणि नळ बंद. मेंदूच्या बाकी भागांत सेरोटोनिन पोचणंच कमी होतं, त्याबरोबर भुकेवरचा लगामही सुटतो. अ‍ॅगोनिस्ट दिला आणि सेरोटोनिनचं काम उलट घटलं!

डोस वाढवला की चित्र पुन्हा बदलतं. आता हिप्पोकॅम्पस आणि इतर भागांतले, म्हणजे निरोप घेणाऱ्या बाजूचे १ए रिसेप्टरही थेट चालू होतात. उंदीर जमिनीला सपाट चिकटतो, पुढचे पंजे आळीपाळीने हार्मोनियम वाजवल्यासारखे हलवतो, खालचा ओठ मागे खेचला जातो. एकच रेणू, एकच रिसेप्टर, पण तो रिसेप्टर कोणत्या पेशीवर बसलाय यावर परिणाम ठरतो.

तापमानाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. हा रेणू दिला की उंदरांचं अंग थंड पडतं, आणि परिणाम इतका भरवशाचा आहे की १ए रिसेप्टर नीट काम करतोय का, हे तपासायला संशोधक साधा थर्मामीटर वापरतात. पण लहान पांढऱ्या उंदरांत, ज्यांना इंग्रजीत माउस म्हणतात, हे मुख्यतः ऑटोरिसेप्टरमुळे होतं, तर मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, निरोप घेणाऱ्या बाजूच्या रिसेप्टरमुळे. एवढ्या जवळच्या दोन प्राण्यांत जर वाट वेगळी असेल, तर "उंदरांवर सिद्ध झालंय" या वाक्यावरून माणसाबद्दल काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

गोळ्यांचा परिणाम उशिरा का दिसतो?

हा भाग तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या थेट कामाचा असू शकतो. डिप्रेशनवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन किंवा एसिटालोप्रॅम, सेरोटोनिनचं पुन्हा शोषण पहिल्या डोसपासूनच रोखतात. तरी बरं वाटायला बहुतेकांना दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. का? एक बराच मान्य असलेला अंदाज असा: सेरोटोनिन वाढताच बॉलकॉक उचलला जातो आणि राफेमधल्या पेशी ठोके कमी करतात. सतत औषध मिळत राहिलं की ऑटोरिसेप्टर हळूहळू सुस्त होतात, आणि मग कुठे पेशी पूर्वीच्या गतीने चालू लागतात. प्राण्यांना काही आठवडे एसएसआरआय देऊन मग ८-ओएच-डीपीएटी दिला, तर त्याचा पेशी शांत करण्याचा परिणाम कमी दिसतो. ऑटोरिसेप्टर सुस्त झाल्याचं मोजता येतं ते असं.

हा अंदाज म्हणजे डिप्रेशनची पूर्ण उकल मुळीच नाही. बार्सिलोनामधल्या आर्टिगास यांच्या गटाने १९९० च्या दशकात एसएसआरआयसोबत ऑटोरिसेप्टर अडवणारं पिंडोलोल देऊन परिणाम लवकर येतो का हे पाहिलं. सुरुवातीला आशा वाटली, पण पुढच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. तरीही एक व्यवहारातली गोष्ट यातून घ्यायला हरकत नाही: "आठवडा झाला, काहीच फरक नाही" म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि गोळी सुरू नसेल पण मन जड झालं असेल, तर भारत सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं.

मग तो औषध का झाला नाही?

तोंडावाटे दिला तर रक्तापर्यंत फारच थोडा पोचतो. ज्या ओएच गटामुळे तो कामाचा आहे, तोच गट पकडून यकृत त्याला पटकन बाहेर काढायच्या रांगेत लावतं. पण त्याने दाखवलेल्या रिसेप्टरवर औषधं आली. चिंतेवरचं बुस्पिरोन १ए चं अर्धवट अ‍ॅगोनिस्ट आहे, अमेरिकेत त्याला १९८६ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच घराण्यातल्या गेपिरोनला डिप्रेशनसाठी मंजुरी मिळायला मात्र २०२३ उजाडलं.

रेट सिंड्रोमची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा मुख्यतः मुलींमध्ये दिसणारा जनुकीय आजार, त्यात श्वास मध्येच थांबतो. २०१० मध्ये या आजाराचं जनुक बिघडवलेल्या उंदरांना ८-ओएच-डीपीएटी आणि मेंदू शांत करणारं दुसरं औषध एकत्र दिलं, तेव्हा त्यांचा श्वास बराच सुधारला. कुटुंबांना आशा वाटणं साहजिक होतं. पुढे १ए वर काम करणारं सारिझोटान हे दुसरं औषध रेट सिंड्रोमच्या रुग्णांवर तपासलं गेलं आणि २०२० मध्ये ती चाचणी अपयशी ठरली. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता असा अर्ध्यावर तुटतो, आणि त्याची बातमी पहिल्या यशाच्या बातमीइतकी फॉरवर्ड होत नाही.

दोष: तो वाटला तेवढा एकनिष्ठ नाही

दहा वर्षं सगळे याला "फक्त १ए चा" समजत होते. १९९३ मध्ये ५-एचटी-७ हा नवा रिसेप्टर सापडला, आणि ८-ओएच-डीपीएटी त्यालाही चालू करतो हे दिसलं, पकड १ए इतकी घट्ट नसली तरी. वर हे दोन रिसेप्टर पेशीच्या आत उलट दिशेने काम करतात: १ए मुळे सीएएमपी हा संदेशवाहक रेणू कमी होतो, ७ मुळे वाढतो. हा रेणू मेंदूतल्या झोप-जागेच्या घड्याळाची वेळ पुढे-मागे सरकवतो, हे आधीच माहीत होतं आणि श्रेय १ए ला दिलं जात होतं. आता त्यातला वाटा ७ चाही असल्याचं दिसू लागलं. कितीतरी जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. म्हणून आज चांगल्या प्रयोगात ८-ओएच-डीपीएटीसोबत १ए अडवणारा डब्ल्यूएवाय-१००६३५ आणि ७ अडवणारा एसबी-२६९९७० असे रेणूही वापरतात. कोणत्या चिकटपट्टीने परिणाम गायब होतो, त्यावरून खरा रिसेप्टर ओळखायचा. गंमत म्हणजे डब्ल्यूएवाय-१००६३५ सुद्धा डोपामिनच्या एका रिसेप्टरला चालू करतो हे २००६ मध्ये समोर आलं. पूर्ण एकनिष्ठ रेणू शोधणं अवघडच आहे.

हैदराबादमधलं काम

भारतात या रेणूचा सर्वात चिकाटीने वापर झाला तो हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत, अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या प्रयोगशाळेत. रिसेप्टर पेशीच्या ज्या चरबीयुक्त पडद्यात रुतलेला असतो, त्या पडद्याचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न. २००४ मध्ये थॉमस पुकाडिल आणि चट्टोपाध्याय यांनी गाई-बैलांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचे पडदे घेऊन त्यातलं कोलेस्टेरॉल काढून टाकलं. ट्रिशियमवाला ८-ओएच-डीपीएटी आता कमी चिकटू लागला. कोलेस्टेरॉल परत भरलं, तर चिकटणं बऱ्याच अंशी परत आलं. म्हणजे रिसेप्टर नीट चालायला कोलेस्टेरॉल लागतं. (याचा अर्थ तुपावर ताव मारा असा नाही. रक्ताच्या रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल आणि मेंदूतलं कोलेस्टेरॉल हे मोठ्या प्रमाणात वेगळे हिशेब आहेत, मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो.) पुकाडिल पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक झाले. २०२१ मध्ये शांघायच्या गटाने अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १ए रिसेप्टरची रचना प्रत्यक्ष दाखवली, तेव्हा औषध जिथे बसतं त्या खोबणीला आकार द्यायला कोलेस्टेरॉलचे रेणू शेजारीच बसलेले दिसले.

ऑनलाइन दिसला तर?

रसायनं विकणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर हा रेणू मिलिग्रॅमच्या बाटल्यांत दिसतो. त्यावर "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेलं असतं, आणि ते अक्षरशः खरं आहे. माणसाला किती डोस सुरक्षित, कोणत्या गोळीसोबत काय होईल, याचा औषधाला लागतो तसा अभ्यास झालेलाच नाही. टेलिग्रामवर कुणी "रिसर्च केमिकल" म्हणून मूड सुधारणारी पावडर विकत असेल, तर पाकिटात नाव आहे तोच पदार्थ आहे का, हेही तुम्हाला तपासता येणार नाही. आधीच एसएसआरआय चालू असताना सेरोटोनिनवर काम करणारा दुसरा पदार्थ घेतला, तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: ताप, थरथर, स्नायू कडक होणं, गोंधळलेपण. अशी लक्षणं दिसली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठावं लागतं आणि काय घेतलं ते लपवून चालत नाही.

प्रयोगशाळांत मात्र ८-ओएच-डीपीएटी अजून निवृत्त झालेला नाही. १ए वर नवा रेणू बनवला की त्याची तुलना अजूनही याच्याशी करतात. नव्या पिढीतले काही रेणू एक पाऊल पुढे जायचा प्रयत्न करताहेत: ऑटोरिसेप्टर फारसा न छेडता मेंदूच्या ठरावीक भागातलाच १ए चालू करायचा. त्याच घराण्यातला बेफिराडोल सध्या पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये, लेव्होडोपामुळे होणाऱ्या अनावर हालचालींवर तपासला जातो आहे.